नगरपालिकेची तिजोरी रिकामी असेल, तर राज्य सरकार काय करतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणी आठ-दहा दिवसांआड येतं, घंटागाडी गल्लीत फिरकत नाही, सफाई कामगारांचा पगार थकलेला असतो. विचारायला गेलं की पालिकेत एकच उत्तर मिळतं: निधी नाही. मग लोक साहजिकच विचारतात की मुंबईत बसलेलं सरकार कशासाठी आहे? महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींबद्दल सतत विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. महानगरपालिकांचा उल्लेख गरजेपुरताच येईल. छोट्या शहरांचं दुखणं वेगळं आहे आणि त्याबद्दल बोललंही कमी जातं.

नगरपालिकेचं स्वतःचं उत्पन्न कशातून येतं?

मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी, बांधकाम परवानगीच्या वेळी घेतलं जाणारं विकास शुल्क, थोडंफार जाहिरात फलकांचं. यादी लांब वाटते, पण बहुतेक गावांत खरा आधार मालमत्ता कराचाच असतो.

घरी आलेलं मालमत्ता कराचं बिल एकदा नीट वाचा. वरच्या ओळीत संकलित कर, म्हणजे मूळ मालमत्ता कर असतो. खाली वृक्ष कर, अग्निशमन कर, घनकचऱ्याचं शुल्क. त्यातच शिक्षण कर असतो आणि दुकान किंवा कारखाना असेल तर रोजगार हमी कर. हे शेवटचे दोन कर पालिकेचे नाहीत. पालिका ते गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. ‘एवढा कर भरतो, तो जातो कुठे’ असा राग काढताना बिलातली प्रत्येक ओळ पालिकेच्या खिशात जात नाही, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

जकात गेली आणि पालिका कंगाल झाल्या, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं आहे. जकात म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर. जकात नाक्यावर रोज रोकड जमा व्हायची. नाक्यांवर भ्रष्टाचार होता, ट्रकच्या रांगा लागायच्या, व्यापारी हैराण होते. ती रद्द व्हायला हवी होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो पैसा पालिकेचा स्वतःचा होता, आणि गावात व्यापार वाढला की तोही वाढायचा.

नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये गेली आणि तिच्या जागी राज्याचं अनुदान आलं. महानगरपालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आली. मुंबईत मात्र जकातच राहिली. ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांची एलबीटी माफ झाली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलेलीही संपली.

इथे महानगरपालिका आणि नगरपरिषदांची वाट वेगळी झाली. महानगरपालिकांसाठी राज्याने २०१७ मध्ये भरपाईचा स्वतंत्र कायदा केला. २०१६-१७ चं उत्पन्न पायाभूत धरून दरवर्षी ८ टक्के वाढीने भरपाई द्यायची, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे महानगरपालिकेला पुढच्या वर्षी किती मिळणार याचा हिशेब आधीच मांडता येतो. नगरपरिषदांच्या वाट्याला अशी कायद्यातली हमी आलेली नाही. त्यांचं अनुदान राज्याच्या अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर आणि ती कधी वितरित होते यावर चालतं.

सहायक अनुदान म्हणजे हेच का?

हो. जकातीच्या बदल्यात सुरू झालेलं अनुदान आज सहायक अनुदान म्हणून येतं. नगरपरिषद प्रशासन संचालनालयामार्फत ते पालिकांना वितरित होतं आणि मुख्यतः पगार व निवृत्तिवेतनावर खर्च होतं. छोट्या पालिकेत तर अनुदान आलं की पगार, नाही आलं की नाही, अशी स्थिती असते.

मग कर्मचाऱ्यांचे पगार का थकतात?

अनुदान उशिरा येतं हे एक कारण, आणि येतं तेही पगाराच्या पूर्ण रकमेइतकं नसतं. वेतन आयोग लागू झाला, महागाई भत्ता वाढला, की पगाराचा आकडा चढतो. वरचा फरक पालिकेने स्वनिधीतून भरायचा असतो आणि स्वनिधी तर पाणीपुरवठ्याच्या विजेतच संपलेला असतो. निवृत्त कर्मचाऱ्यांचे हाल त्याहून वाईट. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरणाच्या रकमेसाठी सफाई खात्यातून निवृत्त झालेली माणसं महिनोन्‌महिने लेखा विभागाच्या दारात बसलेली दिसतात. ज्यांनी आयुष्यभर गावाची गटारं उपसली, त्यांच्या हक्काच्या पैशाला सगळ्यात शेवटचा नंबर लागतो, ही गोष्ट मला कधीच मान्य होणार नाही.

याला जोडून भरतीचाही प्रश्न आहे. आस्थापना खर्च, म्हणजे पगार-पेन्शनचा खर्च, उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांच्या आत ठेवण्याचा शासनाचा दंडक आहे. उत्पन्नच तोकडं, त्यामुळे ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली; म्हणून आकृतिबंधात (शासनाने ठरवलेल्या पदांच्या यादीत) मंजूर असलेली पदंही भरता येत नाहीत. कर वसुलीला माणूस नाही म्हणून वसुली कमी आणि वसुली कमी म्हणून माणूस घेता येत नाही.

राज्याकडून आणखी कोणता निधी मिळतो?

बराच. शहरांतल्या पायाभूत कामांसाठीचं नगरोत्थान महाभियान आहे (राज्यस्तर आणि जिल्हास्तर), वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचं विशेष अनुदान आहे, रस्ता अनुदान आहे, मागासवस्ती सुधारणेचा निधी आहे. जिल्हा नियोजन समितीतून काही येतं. मालमत्तेच्या खरेदी-विक्रीत मुद्रांक शुल्काबरोबर जो १ टक्का अधिभार घेतला जातो तो पालिकेचा असतो, पण आधी राज्याकडे जमा होतो आणि मग खाली वर्ग होतो. केंद्राचे अमृत २.० (शहरांच्या पाणी-सांडपाण्यासाठी) आणि स्वच्छ भारत अभियान २.० हे दोन्ही ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाले. त्यांतही राज्याचा हिस्सा असतो.

एवढा निधी येतो, तरी नळाला पाणी का येत नाही?

सगळ्या पानातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. उत्तर थोडक्यात असं: सरकार योजना बांधायला पैसे देतं, चालवायला देत नाही.

एक साधा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा चाळीस हजार वस्तीच्या गावात ८,००० नळजोडण्या आहेत आणि वर्षाची पाणीपट्टी १,८०० रुपये. मागणी झाली १ कोटी ४४ लाख. वसुली ६० टक्के झाली, तर हातात येतात ८६ लाख ४० हजार. धरणातून पाणी उचलणाऱ्या पंपांचं आणि शुद्धीकरण केंद्राचं वीजबिल महिन्याला १२ लाख धरलं, तर वर्षाचं होतं १ कोटी ४४ लाख. म्हणजे सगळ्यांनी पट्टी भरली तरी ती फक्त विजेला पुरते. ६० टक्क्यांनीच भरली तर ५७ लाख ६० हजारांची तूट, आणि यात तुरटी, क्लोरीन, जलवाहिनीची दुरुस्ती, व्हॉल्व्हमनचा पगार काहीच धरलेलं नाही.

आता याच गावाला नगरोत्थानमधून किंवा अमृतमधून नवी योजना मंजूर होते. नवं धरण लांब असतं, उंचीचा फरक जास्त असतो, पंप मोठे बसतात. पाणी वाढतं, त्याबरोबर वीजबिलही वाढतं. नारळ फुटतो, फलक लागतो, योजना पालिकेकडे हस्तांतरित होते. दोन वर्षांत जॅकवेलवरचा, म्हणजे धरणाकाठी पाणी उपसायच्या विहिरीवरचा, एक पंप जळतो. दुसरा राखीव म्हणून ठेवलेला आधीच नादुरुस्त असतो. दुरुस्तीचं अंदाजपत्रक, कोटेशन, मंजुरी; ठेकेदाराची मागची देयकं थकलेली, म्हणून तो कामाला हात लावत नाही. तिकडे वीजबिल थकलं म्हणून महावितरणचं पथक येतं. नवा जलकुंभ रंगवलेला, आणि त्याखालच्या वस्तीत टँकरची वाट बघणारे हंडे, हे चित्र मराठवाड्यात, खानदेशात, सोलापूरकडे कुठेही दिसेल.

योजना मंजूर करताना नळांना मीटर, पाणीपुरवठ्याचे स्वतंत्र लेखे, पाण्याची गळती आणि विजेचा वापर यांची तपासणी अशा अटी घातल्या जातात. अटी चांगल्या आहेत. पण काम संपेपर्यंत त्या कागदावरच राहतात आणि शेवटचा हप्ता मिळाल्यावर त्यांचं कुणी विचारत नाही. मदतीचा काही भाग पहिली पाच वर्षं योजना चालवण्यासाठी राखून ठेवला आणि तो मीटर, वसुली, गळती यांतल्या प्रत्यक्ष सुधारणेशी बांधला, तर आहे त्याच पैशात फरक पडेल असं मला ठामपणे वाटतं.

‘स्वहिस्सा’ हा शब्द सतत ऐकू येतो. तो काय असतो?

योजनेच्या एकूण खर्चातला पालिकेने घालायचा वाटा. गाव जितकं लहान तितका तो साधारण कमी ठेवतात. तरीही तो भरणं जड जातं, कारण ठेवीच नसतात. मग कर्ज काढायचं, वित्त आयोगाचा निधी तिकडे वळवायचा, किंवा हिस्सा माफ करा म्हणून आमदारांमार्फत मंत्रालयात खेटे घालायचे.

मोठ्या शहरांचीही यातून सुटका नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणीयोजना १,६८० कोटींची होती. ती अमृत २.० मध्ये गेली आणि सुधारित खर्च २,७४० कोटींवर पोचला. महापालिकेचा वाटा ८२२ कोटींच्या घरात आला. एवढी रक्कम भरण्याची महापालिकेची ऐपत नव्हती, आणि शेवटी राज्याला हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेच्या कर्जातून ती सोय करावी लागली. या योजनेच्या कामावर उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ लक्ष ठेवून आहे. राज्याचं पाठबळ आणि न्यायालयाचा दट्ट्या असूनही तिथे इतकी दमछाक झाली. ‘क’ म्हणजे सर्वांत छोट्या वर्गातल्या नगरपरिषदेच्या मागे उभं राहायला यातलं काहीच नसतं.

केंद्रीय वित्त आयोगाचा पैसा अडकला होता म्हणतात, तो का?

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशभरातल्या नागरी संस्थांना १ लाख २१ हजार ५५ कोटी रुपयांची शिफारस केली. दहा लाखांखालच्या शहरांसाठी त्यातला ४० टक्के निधी मोकळा आणि ६० टक्के बंधित: निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छता व घनकचऱ्यासाठी. बंधित असो वा मोकळा, छोट्या पालिकेसाठी हा फार मोलाचा पैसा आहे.

पण त्याला अटी होत्या. लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन टाकायचे. राज्याने मालमत्ता कराचे किमान दर ठरवायचे आणि करवसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या वेगाने वाढवायची. शिवाय पालिकेत रीतसर निवडून आलेली सभा हवी. महाराष्ट्रात ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका रखडल्या; काही ठिकाणी २०२० पासून, बऱ्याच ठिकाणी २०२१-२२ पासून प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. मधली वर्षं गेली ती गेलीच. नगरसेवक नसल्याची किंमत लोकांनी दोन्हीकडून मोजली: तक्रार ऐकायला कुणी नाही आणि वरून पैसाही नाही.

कर वाढवला की सरकार स्थगिती देतं. हे लोकांच्या फायद्याचं नाही का?

त्या वर्षापुरतं आहे. नगरपरिषद कायद्यानुसार दर चार वर्षांनी मालमत्ता कराची फेरआकारणी करायची असते. नगररचना विभागाचा अधिकारी मूल्यनिर्धारण करतो, हरकती मागवतात, सुनावणी होते. अनेक गावांत ही फेरआकारणी वेळेवर होतच नाही. दहा-बारा वर्षांनी एकदम होते, कर दुप्पट-तिप्पट दिसतो, मोर्चा निघतो, मुंबईहून स्थगिती येते. पालिका पुन्हा जुन्या दरावर.

एकदम आलेली वाढ अन्यायकारक असते, हे मान्य. पण तिचं कारण आधीच्या फेऱ्या टाळणं हेच आहे. थोडी थोडी वाढ वेळच्या वेळी झाली असती, तर कुणाला मोर्चा काढावा लागला नसता. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी: स्थगिती देणाऱ्या सरकारने बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई त्याच आदेशात द्यायला हवी. ती दिली जात नाही. श्रेय मंत्रालयाला जातं, खड्डा गावात राहतो.

शास्ती माफीची अभय योजना चांगली की वाईट?

थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो. चार-पाच वर्षं थकलं की शास्ती मूळ करापेक्षा जड होते आणि माणूस भरायचंच सोडून देतो. अशा वेळी एकदा माफी देऊन मूळ रक्कम पदरात पाडून घेणं शहाणपणाचं आहे. पण दर दोन-तीन वर्षांनी योजना येऊ लागली, तर लोक तिची वाट बघत बसतात, आणि एप्रिलमध्ये रांगेत उभं राहून कर भरणारी निवृत्त शिक्षिका मूर्ख ठरते. म्हणून वेळेवर भरणाऱ्याला सूट आधी, थकबाकीदाराला माफी नंतर, असा क्रम हवा.

नगरपालिका दिवाळखोर जाहीर होऊ शकते का?

नाही. दिवाळखोरीचा कायदा कंपन्यांना लागू आहे. पालिकेसाठी तशी तरतूद नाही. पण देणी थकली की परिणाम दिसतातच. पथदिवे बंद होतात, ठेकेदार काम थांबवतात, भूसंपादनाचा मोबदला थकला असेल तर न्यायालयाचा बेलिफ कार्यालयातल्या खुर्च्या-संगणकांवर जप्ती आणायला येतो.

सरकार पालिका बरखास्त करून कारभार सुधारू शकतं का?

कायद्यात तो अधिकार आहे. मात्र ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय बरखास्ती करता येत नाही आणि सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. प्रशासक आला की पैसा येतो, असा समज मात्र सोडून द्यावा. मुख्याधिकारी आजही राज्य संवर्गातूनच येतो. तिजोरीत खडखडाट असेल तर प्रशासकालाही तोच खडखडाट ऐकू येतो.

मोठी महापालिका रोखे काढते, आमच्या गावाला का जमत नाही?

पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे रोखे (बाँड) काढले, म्हणजे गुंतवणूकदारांकडून कर्ज घेतलं. त्यासाठी पतमानांकन लागतं, स्वच्छ ताळेबंद लागतो, परतफेडीला पुरेल असं स्वतःचं उत्पन्न लागतं. नगरपरिषदेकडे हे नसतं. राज्याने अनेक छोट्या पालिकांची गरज एकत्र बांधून हमी दिली तरच हा रस्ता उघडेल.

दुष्काळासारख्या संकटात सरकार धावून येतं ना?

येतं, आणि तिथे यंत्रणा जोमाने काम करते. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं. पहिल्या ‘जलदूत’ गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं, पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या. मिरज स्थानकाजवळ जलवाहिनी टाकण्यापासून लातुरात विहिरीत पाणी उतरवून टँकर भरण्यापर्यंत सगळं काही दिवसांत उभं केलं गेलं. त्या माणसांना मानलं पाहिजे. वाईट याचं वाटतं की हीच तत्परता साध्या वर्षात गळती शोधायला मिळत नाही.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. फायदा की तोटा?

सुरुवातीची काही वर्षं बहुधा तोटा. तालुक्याच्या ठिकाणांना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचा निर्णय २०१४ च्या सुमारास झाला आणि अनेक गावं एका रात्रीत शहर झाली. फक्त ग्रामीण भागासाठी असलेल्या योजना बंद झाल्या. जुन्या ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांना नगरपंचायतीच्या सेवेत सामावून घेणं वर्षानुवर्षं रेंगाळलं. कर शहराचा, सेवा गावाच्या. दर्जा बदलताना पहिल्या पाच वर्षांसाठी खास अनुदान आणि एक पूर्णवेळ लेखापाल दिला, तर हा खड्डा बराच भरून निघेल.

राज्य वित्त आयोग म्हणजे काय? त्याचं पुढे काय होतं?

राज्याच्या करातला किती वाटा पालिकांना आणि पंचायतींना द्यायचा, हे सुचवण्यासाठी राज्यघटनेनुसार दर पाच वर्षांनी राज्याने हा आयोग नेमायचा असतो. पाचवा आयोग २०१८ मध्ये व्ही. गिरिराज यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. आयोग नेमले जातात, अहवाल येतात, पण मोठ्या शिफारशींची अंमलबजावणी होत नाही, आणि अहवालही विधिमंडळासमोर उशिरा येतो. नगरपरिषदांना कायद्याने ठरलेला वाटा मिळवायचा असेल तर लढा इथे द्यावा लागेल.

मी साधा नागरिक. नेमकं काय विचारू?

नव्या नगरसेवकाकडे रस्ता आणि गटार मागण्याआधी पालिकेच्या अंदाजपत्रकाची प्रत मागा. माहिती अधिकाराचा अर्ज केला तर ती मिळतेच. तिच्यात चार आकडे शोधा: मालमत्ता कराची मागणी आणि प्रत्यक्ष वसुली; पाणीपुरवठ्याचा वर्षाचा खर्च आणि पाणीपट्टीची जमा; वीजबिलाची थकबाकी; आणि मागच्या वर्षी मिळून न खर्चलेलं अनुदान. शेवटचा आकडा बघून धक्का बसेल. पैसा नाही म्हणणाऱ्या पालिकेत मुदत संपत आलेला निधी बँकेत पडून असतो, कारण आराखडा करायला अभियंता नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवालही मागा. त्यात वर्षानुवर्षं तेच आक्षेप दिसतील. पुढच्या सर्वसाधारण सभेआधी हे कागद घेऊन आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेटा, आणि त्यातला एक आक्षेप लेखी प्रश्न म्हणून सभेत मांडायला सांगा.